दिवसभर मराठी टायपिंग, बजेट चार हजार: पहिला मेकॅनिकल कीबोर्ड कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरून भाषांतराचं काम, दिवसाचे सात-आठ तास इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण बटण-मांडणीत) मराठी टायपिंग, मुक्काम रत्नागिरी. हजार-बाराशेचा साधा कीबोर्ड दीड-दोन वर्षांत जातो आणि दर वेळी काना आणि पाय मोडायचं बटण आधी दगा देतात. आता चार हजारांपर्यंत खर्च करून मेकॅनिकल घ्यायचाय. तो टिकायला हवा आणि रात्री काम करताना शेजारच्या खोलीतल्यांची झोपमोड होता कामा नये. ‘कोणती कंपनी आणि सगळ्यांत टिकाऊ स्विच कोणता?’ असं तुम्ही विचारलंय.

कंपनी आणि स्विच यांच्याकडे मी नंतर येतो, कारण टिकाऊपणा तिथे ठरत नाही. कीबोर्ड दुरुस्त करताना रोज दिसतं ते असं: एखादा भाग बिघडणारच, तो बिघडला की तेवढाच बदलता येतो का, यावर बोर्ड पाच वर्षं चालणार की दुसऱ्या वर्षी भंगारात जाणार हे ठरतं. तुमचे जुने कीबोर्ड एका बटणामुळे अख्खे फेकावे लागले. पुन्हा तसं होऊ नये, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं धरून उत्तर देतो.

आधी जुने का गेले ते समजून घ्या. साध्या मेंब्रेन कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून पातळ प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीयुक्त शाईच्या रेघा छापलेल्या असतात, मधला भोकं पाडलेला. बटण दाबलं की रबराची टोपी खाली बसते, वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं. सतत वापराच्या बटणाखालची रबराची टोपी थकते, तेव्हा ते बटण जड लागतं, अर्धवट उठतं किंवा दोनदा दाबावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताला आहेत. काना इंग्रजी ई वर, पाय मोडायचं चिन्ह डी वर, पहिली वेलांटी एफ वर, मात्रा एस वर. म्हणून मराठी टायपिस्टच्या कीबोर्डाचा अक्षरांच्या वरच्या दोन ओळींतला डावा भाग आधी झिजतो. कोकणातल्या दमट हवेत याच्या जोडीला दुसराही रोग येतो: पापुद्र्यांच्या कडेने ओल शिरते, चांदीची रेघ काळी पडून तुटते आणि एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच बटणं एकाच दिवशी बंद पडतात. रेघ मध्येच तुटली तर हे दुरुस्त करणं परवडत नाही.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो: प्लास्टिकची डबी, आत स्प्रिंग, मधली दांडी आणि धातूची दोन पाती. सर्किट बोर्ड जाड फायबरचा, त्यावर तांब्याच्या रेघा आणि वर संरक्षक थर. ओल इथेही त्रास देते, पण फार हळू. आणि एक स्विच गेला तर एकच बटण जातं.

आता त्या आकड्यांबद्दल, ज्यांनी सगळे गोंधळतात. खोक्यावर ‘५ कोटी वेळा दाबा’, ‘१० कोटी वेळा दाबा’ असं लिहिलेलं असतं. हिशेब करून पाहा. समजा, तुम्ही दिवसाला ४० हजार बटणं दाबता आणि त्यातला दहावा हिस्सा काना आहे. म्हणजे काना रोज ४,००० वेळा. ५ कोटी भागिले ४,००० म्हणजे १२,५०० दिवस. एकही सुट्टी न घेता ३४ वर्षं. तेव्हा ५ कोटी आणि १० कोटी यांतल्या फरकासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. हा आकडा स्वच्छ खोलीत यंत्राने सरळ दाबून काढलेला असतो. तुमच्या टेबलावर स्विच झिजून मरत नाही. आत धूळ जाते, पात्यांवर गंज किंवा मळाचा थर बसतो आणि एकदा दाबल्यावर काना दोनदा उमटायला लागतो. दुकानदार याला ‘डबल टायपिंग’ म्हणतात. हे चांगल्या कंपनीच्या स्विचमध्येही होतं, दुसऱ्या वर्षीही होऊ शकतं.

म्हणून पहिली अट: हॉट-स्वॅप. यात स्विच बोर्डाला झाळलेला, म्हणजे सोल्डर केलेला नसतो. त्याच्या दोन धातूच्या पिना खालच्या सॉकेटात नुसत्या खोचलेल्या असतात. बिघडला की चिमट्याने ओढून काढायचा, दुसरा खोचायचा. काम मिनिटाभराचं. बिघाड नेमका कुठे आहे तेही यात लगेच कळतं. काना दोनदा उमटतोय असं समजा. स्क्रोल लॉकचा स्विच तुम्ही वर्षानुवर्षं वापरलेला नसतो, तो काढून कान्याच्या जागी घाला आणि कान्याचा तिकडे. दोष स्विचबरोबर स्क्रोल लॉककडे गेला तर स्विच खराब. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड. तुमचं काम मात्र त्याच क्षणी पुन्हा सुरू होतं. स्क्रोल लॉक, पॉज आणि उजवा कंट्रोल हे तीन सुटे स्विच बोर्डासोबत फुकटच मिळालेत असं समजा.

हॉट-स्वॅपमध्ये एक फसगत असते, ती नीट तपासा. काही स्वस्त बोर्डांतली सॉकेटं फक्त आउटेमू कंपनीच्या बारीक पिनांच्या स्विचसाठी असतात. गॅटेरॉन, कैल किंवा चेरी या कंपन्यांच्या पिना थोड्या रुंद असतात. त्या सॉकेटात त्या जबरदस्तीने घातल्या तर पिन वाकते किंवा सॉकेट कायमचं सैल होतं. वर्णनात ‘ओन्ली आउटेमू’ असं लिहिलंय का ते शोधा. काहीच लिहिलं नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारा: गॅटेरॉनचे स्विच बसतील का? उत्तर गुळमुळीत आलं तर तो बोर्ड सोडा. दुसरी बाब पिनांची. काही स्विचना धातूच्या दोन पिनांशिवाय प्लास्टिकचे दोन जादा पाय असतात, मधला जाड खुंटा धरून त्यांना ५-पिन म्हणतात. बोर्डावर त्यासाठी भोकं नसतील तर ते दोन पाय नेल कटरने सपाट कापले की स्विच बसतो. धातूच्या पिनेला हात लावायचा नाही.

सॉकेटाला मर्यादा आहे. प्रचलित कैलची सॉकेटं साधारण १०० वेळा काढ-घाल करण्यापुरती बनवलेली असतात. दर महिन्याला हौसेने सगळे स्विच बदलत बसलात तर सॉकेट सैल पडेल. दुरुस्तीपुरतं वापरलंत तर ती मर्यादा तुम्ही कधीच गाठणार नाही.

झाळलेले स्विच असलेला बोर्ड अगदी बाद आहे का? नाही. एक स्विच बदलायला मागे फक्त दोन झाळ काढाव्या लागतात. गावातला मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर हे सहज करेल, फक्त त्याच्याकडे सोल्डर ओढायचा पंप हवा आणि त्याने बोर्डावरची तांब्याची चकती उपटू नये. पण त्यासाठी बोर्ड संपूर्ण उघडावा लागतो आणि तोवर काम बंद. काम रोजच्या कमाईचं आहे, म्हणून तुमच्यासाठी मी हॉट-स्वॅपवरच अडून राहीन.

दुसरी अट: तारेचा बोर्ड, आणि तार सुटी होणारी. चार हजारांत ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हर आणि तार असे तिन्ही मार्ग देणारे बोर्ड मिळतात, पण पैसे तेवढेच असल्याने काटकसर कुठेतरी झालेली असते: बहुतेक वेळा बॅटरीत, नाहीतर कीकॅपमध्ये (बटणांच्या टोप्यांत) किंवा लांब बटणं सरळ दाबली जावीत म्हणून त्यांखाली असलेल्या स्टॅबिलायझरमध्ये. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते आणि फुगली तर आतून बोर्डाला ढकलते. तुम्ही एका टेबलावर एका संगणकाला बसून काम करता. तुम्हाला त्याची गरज नाही.

तार आतून पक्की जोडलेली असेल तर ती वाकून तुटली की बोर्ड उघडावा लागतो. सुटी असेल तर नवी वायर घालायची की झालं. मागचा पोर्ट यूएसबी-सी असू द्या. जुन्या मायक्रो पोर्टची जीभ नाजूक असते, वायर उलटी घुसवायला गेलं की तुटते. काही बोर्ड दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरवर चालूच होत नाहीत आणि लोक बोर्ड मेला समजून परत पाठवतात. पोर्टच्या मागे ५.१ किलोओमचे दोन छोटे रोधक लागतात, ते बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. अशा वेळी एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायर लावून पाहा, बहुतेक वेळा बोर्ड जिवंत निघतो. आणखी एक: पोर्टची भोवतालची खाच अरुंद असेल तर जाड टोपीची वायर आत जात नाही. सोबत आलेली वायर जपून ठेवा.

आता कीकॅप, म्हणजे बोटांना लागणाऱ्या टोप्या. त्या दोन प्लास्टिकच्या असतात, एबीएस आणि पीबीटी. एबीएस गुळगुळीत असतं आणि बोटांच्या तेलाने, घर्षणाने काही महिन्यांत तुकतुकीत होतं. पीबीटी किंचित खरखरीत लागतं आणि त्याला चकाकी यायला फार वेळ लागतो. तुमच्यासारख्या वापरात हा फरक पहिल्या वर्षातच दिसेल. अक्षर कसं उमटवलंय तेही पाहा. ‘डबल-शॉट’ म्हणजे अक्षराचं प्लास्टिक वेगळं ओतलेलं, ते पुसलं जाऊच शकत नाही. ‘डाय-सब’ म्हणजे शाई प्लास्टिकात मुरवलेली, तीही टिकते. नुसतं वरून छापलेलं किंवा लेझरने वरचा काळा रंग खरवडून काढलेलं अक्षर सगळ्यांत आधी जातं. बोर्ड बाकी चांगला आणि कीकॅप एबीएसच्या असतील तर घ्यायला हरकत नाही, कारण कीकॅपचा संच नंतर हजार-दीड हजारात बदलता येतो. मात्र त्यासाठी स्पेसबारच्या ओळीची मापं प्रमाणित हवीत: स्पेसबार ६.२५ एककांचा आणि आजूबाजूची सात बटणं प्रत्येकी १.२५ एककांची. एक एकक म्हणजे १९.०५ मिमी. फोटोत स्पेसबारच्या उजवीकडची चार बटणं सारख्या रुंदीची दिसतात का ते पाहा. एखादं बारकं असेल तर बाजारातला संच तिथे बसणार नाही.

मराठी अक्षरांचा प्रश्न वेगळा विचारात घ्यावा लागतो. देवनागरी कोरलेल्या कीकॅप सहज मिळत नाहीत, बहुतेक लोक स्टिकर लावतात. पीबीटीच्या खरखरीत पृष्ठभागावर स्टिकर कमी चिकटतो आणि कड उचलली की तिथे धूळ साठते. शिवाय लॅपटॉपच्या मापाचे स्टिकर मोठे पडतात, कारण या कीकॅपचा वरचा भाग खालच्यापेक्षा बराच अरुंद असतो. स्टिकर मागवण्याआधी पट्टीने मोजा. तुम्ही न बघता टाइप करता असं लिहिलंय, तेव्हा मी म्हणेन स्टिकर लावूच नका. फार तर एफ आणि जे वरचे उंचवटे बोटाला स्पष्ट लागतात ना, एवढं पाहा. त्याच कारणाने अक्षरांतून प्रकाश येणाऱ्या रंगीत दिव्यांवर पैसे घालू नका, ती अक्षरं इंग्रजीच असतात.

आकार निवडताना इनस्क्रिप्टवाल्यांनी इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी, आणि हे कोणत्याही व्हिडिओत सांगत नाहीत. बाजारात १०४ बटणांचा पूर्ण, ८७ बटणांचा टीकेएल म्हणजे नंबरपॅड नसलेला, मग ७५, ६५ आणि ६० टक्के असे आकार येतात. ६० आणि ६५ टक्क्यांत बाण, होम-एंड, एफ-२ सारखी बटणं कमी होतात किंवा एफएन धरून दाबावी लागतात. उजवा आल्टही बऱ्याचदा गायब होतो किंवा एफएन होतो. विंडोजमध्ये रुपयाचं चिन्ह उजवा आल्ट आणि ४ ने येतं. इनस्क्रिप्टच्या वाढीव आवृत्तीतला तिसरा थरही उजव्या आल्टवरच आहे. भाषांतरात शब्दाशब्दाने पुढे-मागे जाणं, ओळीच्या टोकाला जाणं, निवडून कापणं हे अखंड चालतं. म्हणून टीकेएल हा तुमचा आकार. ७५ टक्केही चालेल, पण उजवीकडच्या होम-एंडची जागा प्रत्येक कंपनी वेगळी ठेवते आणि हाताला नवी सवय लावावी लागते. अजून युनिकोडआधीच्या फाँटमधलं काम येत असेल आणि आल्ट धरून आकडे दाबून जोडाक्षरं काढायची सवय असेल, तर मात्र पूर्ण १०४ च घ्या. ते आकडे नंबरपॅडवरूनच चालतात.

आणखी एक बारीक गोष्ट. एंटरच्या वरचं उलट्या तिरक्या रेघेचं बटण इनस्क्रिप्टमध्ये ‘ॉ’ देतं. ऑफिस, कॉलेज, डॉक्टर, बँकेचा फॉर्म, दिवसातून शंभर वेळा लागतं ते. चुकून युरोपीय मांडणीचा, उलट्या एलसारख्या एंटरचा बोर्ड घेतलात तर हे बटण दुसरीकडे जातं आणि करंगळी दर वेळी चुकते. फोटोत एंटर आडवा, एका ओळीत बसणारा आणि त्याच्या डोक्यावर हे रुंद बटण आहे ना, हे पाहून घ्या. ‘ट’ आणि ‘ड’ सुद्धा करंगळीच्या याच टोकाला असतात, म्हणून एंटरकडची बटणं अरुंद केलेले बोर्डही टाळा.

आता स्विच. तीन घराणी आहेत. क्लिकी, ज्याचा रंग बहुधा निळा असतो: दाबताना टिकटिक आवाज मुद्दाम केलेला. तुमच्या घरात हा विषयच नको. टॅक्टाइल, बहुधा तपकिरी: अर्ध्या वाटेत छोटा उंचवटा लागतो, अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं, मुद्दाम केलेला आवाज नाही. लिनियर, बहुधा लाल किंवा पिवळा: वरपासून खालपर्यंत सरळ. चेरीच्या तपकिरी स्विचला सुमारे ५५ ग्रॅम जोर लागतो, लालला ४५. दोन्हींचा एकूण प्रवास ४ मिमी आणि अक्षर २ मिमीवर उमटतं. रंगांची ही पद्धत चेरीची, पण इतर कंपन्यांनी ती सैलपणे उचललीय, म्हणून रंगापेक्षा ‘लिनियर की टॅक्टाइल’ आणि ग्रॅम वाचा.

कोणता घ्यायचा हे शेवटी बोटांवर अवलंबून आहे आणि ते मी इथून सांगू शकत नाही. कल तेवढा सांगतो. मेंब्रेनवर बोट खाली आपटायची सवय झालेली असते. अशा हाताला ४५ ग्रॅमचा हलका लिनियर पहिले पंधरा दिवस चुका करायला लावतो: बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. ५० ते ५५ ग्रॅमचा टॅक्टाइल सवयीला जवळचा पडतो. दिवसाला आठ तास म्हटल्यावर ६५ ग्रॅमच्या वर जाऊ नका, संध्याकाळी करंगळी दुखेल.

आवाजाबद्दल सरळ सांगतो: तपकिरी आणि लाल स्विच ‘शांत’ म्हणून विकले जातात, पण ते मेंब्रेनपेक्षा शांत नसतात. आवाज टिकटिकीचा नसतो, दांडी तळाला आणि परत येताना छताला आपटल्याचा असतो. रात्रीची झोपमोड खरोखरच टाळायची असेल तर ‘सायलेंट’ लिहिलेले स्विच हवेत. त्यांच्या दांडीला दोन्ही टोकांना रबरी गाद्या असतात. स्पर्श किंचित मऊ लागतो, काहींना तो आवडत नाही. मी सुचवेन ते असं: बोर्ड साध्या टॅक्टाइलवर घ्या, त्याखाली ३-४ मिमी जाडीची कापडी डेस्क मॅट घाला आणि आठवडाभर पाहा. टेबल पोकळ प्लायचं असेल तर बराचसा आवाज टेबलाचाच असतो. तरी घरच्यांना त्रास झाला तर हॉट-स्वॅप असल्यामुळे सायलेंट स्विच घालता येतील. आउटेमूचे स्वस्तातले सायलेंट मिळतात. सगळी ८७ बदलायची नसतील तर अक्षरं, आकडे, स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशी मुख्य पाच ओळींतली साठेक पुरतात.

स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि शिफ्ट या लांब बटणांखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो, म्हणजे कडेला दाबलं तरी अख्खं बटण सरळ खाली जावं. स्वस्त बोर्डात इथेच खडखड होते. बोर्ड बदलायची गरज नाही. कीकॅप काढा, तार ज्या खोबणीत फिरते त्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब लावा, वीस-तीस वेळा दाबून पसरवा. जास्त लावलंत तर स्पेसबार सुस्त होईल. खोबरेल, शिलाई मशिनचं तेल किंवा गंज काढायचे फवारे यांपैकी काहीही तिथे वापरू नका. ते वाहून शेजारच्या स्विचात जातात आणि धूळ धरतात.

ऑप्टिकल आणि हॉल इफेक्ट स्विचबद्दलही तुम्ही विचारलंय. ऑप्टिकलमध्ये प्रकाशाचा किरण अडतो किंवा मोकळा होतो, हॉल इफेक्टमध्ये चुंबकाचं अंतर मोजलं जातं. धातूची पाती एकमेकांना टेकतच नाहीत, म्हणून गंजाने डबल टायपिंग होत नाही. कोकणातल्या हवेसाठी कल्पना उत्तम. पण सुटे स्विच त्याच घडणीचे शोधावे लागतात, साधे चालत नाहीत, आणि हॉल इफेक्टमधले जवळजवळ सगळे लिनियर असतात. तीन वर्षांनी तो विशिष्ट स्विच मिळाला नाही तर आपण पुन्हा पहिल्या अडचणीत. साध्या, अधिकाच्या चिन्हासारख्या दांडीच्या स्विचचं तसं नाही. ती घडण चेरीची, १९८० च्या दशकातली. पेटंट संपल्यावर अनेक कंपन्या ती बनवतात, त्यामुळे पुरवठा आटण्याची भीती नाही.

इथवरचं एकत्र करून शोधायचं ते असं: टीकेएल, तारेचा, सुटी यूएसबी-सी वायर, सर्व कंपन्यांचे स्विच घेणारं हॉट-स्वॅप, आडवा एंटर, प्रमाणित तळओळ, टॅक्टाइल स्विच, जमल्यास पीबीटी डबल-शॉट. भारतात रेड्रॅगन, कॉस्मिक बाइट, इव्होफॉक्स, क्रियो, कीक्रॉन अशा कंपन्यांचे बोर्ड तुमच्या बजेटच्या आसपास येतात. नावावर जाऊ नका, कारण एकाच मॉडेलच्या जुन्या खेपेत झाळलेले आणि नव्या खेपेत हॉट-स्वॅप स्विच असं घडतं. वर्णन आणि अलीकडच्या ग्राहकांचे फोटो पाहून ठरवा. ‘मेकॅनिकल फील’, ‘सेमी-मेकॅनिकल’, ‘मेमकॅनिकल’ हे शब्द दिसले की पान बंद करा. आत तीच रबराची टोपी असते. पैशांची विभागणी मी अशी करेन: ३,००० ते ३,४०० बोर्डाला आणि उरलेल्यातून त्याच जातीचे दहा सुटे स्विच, एक मॅट. सुटे स्विच आत्ताच घेऊन ठेवा, दोन वर्षांनी तोच स्विच त्याच वजनात मिळेलच असं नाही.

कीक्रॉनच्या काही तारेच्या बोर्डांत क्यूएमके आणि व्हाया ही सॉफ्टवेअरं चालतात, म्हणजे बटणांची मांडणी बोर्डाच्या आतच बदलून साठवता येते. कॅप्स लॉकवर विंडोज आणि स्पेस हे जोडबटण बसवलं की एका बोटाने मराठी-इंग्रजी बदलता येतं. भाषांतरकाराला हे फार उपयोगी पडतं. पण यासाठी जास्त पैसे मोजावे लागत असतील तर सोडून द्या, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत प्रोग्रॅममधूनही हेच होतं.

बोर्ड घरी आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. ब्राउझरमध्ये कीबोर्ड टेस्टर उघडा. प्रत्येक बटण आधी हळू, मग भराभर वीस वेळा दाबा. एकदा दाबल्यावर दोनदा नोंद झाली तर तो स्विच बदलून पाहा. लांब बटणं डाव्या, मधल्या आणि उजव्या टोकाला दाबा, कुठे अडतंय का पाहा. वायर पोर्टमध्ये हलवून जोडणी तुटते का बघा. मग कोपऱ्यातले दोन-तीन स्विच काढून परत घाला, म्हणजे हॉट-स्वॅप खरंच आहे याची खात्री होते. काढताना चिमटा वर-खालच्या दोन कडांना धरायचा, डावी-उजवीकडून नाही. घालताना आधी पिना सरळ आहेत का ते उजेडात पाहा, स्विच अगदी उभा धरा आणि अंगठ्याने सरळ दाबा. तिरका गेला तर पिन आतल्या आत दुमडते, बटण मुकं राहतं आणि लोक बोर्डाला दोष देतात. दुमडलेली पिन बारीक चिमट्याने सरळ होते, पण दोन-तीन वेळांहून जास्त सहन करत नाही.

उंचीकडेही लक्ष द्या. मेकॅनिकल बोर्डाची पुढची कड जुन्यापेक्षा उंच असते. मागचे पाय उघडू नका, बोर्ड सपाट ठेवा. मनगट वर वाकतंय असं वाटलं तर पुढे टॉवेलची घडी ठेवा किंवा खुर्ची थोडी उंच करा.

रत्नागिरीच्या पावसाळ्यासाठी वेगळी काळजी हवी. काम संपलं की बोर्ड कोरड्या सुती कापडाने झाका, प्लास्टिकने नाही. प्लास्टिकखाली ओल कोंडते. खिडकीच्या झडीपासून दूर ठेवा. बरेच दिवस वापर होणार नसेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. न वापरलेल्या बटणाच्या पात्यांवर थर बसतो, तेव्हा पावसाळ्यात सगळी बटणं, एफ-ओळीसकट, आठवड्यातून एकदा दाबून काढा. थर लगेच पुसला जातो. डबल टायपिंग सुरू झालंच तर स्विच काढून त्यात प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा, पन्नास वेळा दाबा, वाळू द्या. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो मिळतो, ऑनलाइनही मिळतो. कीकॅप वर्षातून दोनदा काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. उकळतं पाणी नको, त्याने त्या वाकतात. दांडी बसते त्या खाचेत पाणी अडून राहतं, म्हणून पालथ्या घालून पावसाळ्यात पूर्ण दोन दिवस वाळवा.

चहा सांडला तर पहिल्या मिनिटात वायर काढा आणि बोर्ड पालथा करा. अक्षरं अजून उमटताहेत म्हणून काम पुढे चालू ठेवलंत तर वीज चालू असलेल्या ओल्या तांब्यावर काही तासांत हिरवा गंज चढतो. मग कीकॅप आणि भिजलेले स्विच काढा, बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने पुसा आणि पंख्याखाली ४८ तास ठेवा. साखर असलेला चहा गेलेले स्विच धुऊन सुधारतात, पण पुन्हा चिकटतात. ते बदलूनच टाका, त्यासाठीच ते दहा सुटे घेतलेले आहेत.